पॅराशूट फ्लाय बांधताना या चुका टाळा: कोकणच्या पावसाळ्यात ट्राउटची तयारी

आपल्या खाड्यांत जिताडा आहे, तांबोशी आहे, पण ट्राउट नाही. त्याला हिमाचलातल्या तीर्थन किंवा काश्मीरमधल्या लिद्दर नदीसारखं थंड, खळाळतं पाणी लागतं. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर तिकडे जायचं तर हाती सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर एवढेच दिवस उरतात. त्यासाठीच्या फ्लाय, म्हणजे गळावर पीस आणि धागा बांधून केलेले नकली किडे, इथे बांधायच्या त्या आषाढ-श्रावणात, म्हणजे कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते त्या हवेत. फ्लाय का बिघडते हे शोधताना हाताइतकंच या हवेकडेही बघावं लागतं.

नेहमीच्या ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लायवर पीस, म्हणजे हॅकल, गळाच्या दांडीभोवती गुंडाळतात. पॅराशूटमध्ये ते दांडीवर उभ्या केलेल्या पोस्टभोवती, म्हणजे धाग्याच्या छोट्या झुपक्याभोवती, आडवं फिरतं. तंतू पाण्यावर चहूबाजूंना पसरतात आणि फ्लायचं अंग पाण्याच्या पातळ पडद्यात अगदी खाली बसतं. खालून बघणाऱ्या माशाला ते पंख पसरून पडलेल्या किड्यासारखं दिसतं. मिशिगनमध्ये १९२२ साली लेनर्ड हॅलाडे यांनी बांधलेल्या ‘अ‍ॅडम्स’चं पॅराशूट रूप आज जगभर वापरलं जातं. शिकायचं असेल तर तेच घ्या, १४ नंबरच्या गळावर (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान). गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करायचा असेल तर तो बांधायला बसण्याआधी करा. कधीकधी दाबताना गळच मोडतो, आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

फ्लाय पाण्यावर कुशीवर पडते किंवा उलटी होते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. दोष बहुतेक वेळा पोस्टमध्येच सापडतो. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचा जाडजूड झुपका घेतला की वरचा भार वाढतो आणि फ्लाय लवंडते. १४ नंबरला लागतो त्यापेक्षा दुप्पट झुपका घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण लांबून दिसायला हवं ना! पण दिसणं जाडीपेक्षा रंगावर अवलंबून असतं. फेसाळ पाण्यात गुलाबी किंवा नारिंगी पोस्ट दिसतो, आणि समोरून ऊन चमकत असेल तर काळा. माशाला खालून तो फारसा दिसतच नाही, तेव्हा रंग तुमच्या डोळ्यांसाठीच निवडा. पोस्टची उंची दांडीच्या लांबीएवढी पुरे. त्याची जागा गळाच्या डोळ्यापासून साधारण एक तृतीयांश दांडी सोडून. त्याहून पुढे सरकला तर शेवटची गाठ मारायला जागाच उरत नाही.

पोस्ट उभा झाला की त्याच्या बुडाशी धाग्याचे घट्ट वेढे देत दोन-तीन मिलिमीटर वर चढा आणि परत खाली या. हे वेढे कमी पडले की पोस्ट मऊ राहतो. मग हॅकल गुंडाळताना तो वाकतो, आणि दोन मासे लागले की पिसाची सगळी चकतीच वर सरकून निघून येते. या एका जागी घाई करू नका. बोटाने पोस्ट ढकलून बघा. तो ताठ परत उभा राहिला तरच पुढे जा.

आता हॅकल. पिसाचा दांडा पोस्टला लावून बांधताना बुडाकडचे तंतू थोडे जास्त काढा, म्हणजे पहिला अर्धा वेढा उघड्या दांड्याचा जाईल. नाहीतर पहिल्याच वेढ्यातले तंतू भलतीकडे उभे राहतात. पिसाची चकचकीत बाजू वर ठेवा. पहिला वेढा सर्वांत वर घ्या आणि पुढचा प्रत्येक त्याच्या खाली, अंगाच्या दिशेने. भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तसे वेढे लगत-लगत बसावेत, एकमेकांवर चढू नयेत. खालून वर गेलात तर वरच्या वेढ्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. संथ पाण्याला तीन-चार वेढे चालतात, तीर्थनच्या खळखळाटाला पाच-सहा द्या.

तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या, दीडपट ते दुप्पट असावी. त्याहून लांब झाली की फ्लाय हवेत पंख्यासारखी गरगरते आणि पुढची बारीक दोरी पिळवटून टाकते. पिळलेल्या दोरीसाठी लोक फेकण्याच्या पद्धतीला दोष देतात. आधी पीस मोजा, मग पोस्ट वाकडा आहे का ते बघा.

गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं आपल्याकडे सहज मिळतात आणि ती वापरावीत असं मला मनापासून वाटतं. फक्त निवडून घ्या. पीस उजेडापुढे धरलं की मधोमध गडद, मऊ पट्टा दिसतो. तो भाग पाणी पितो. टोकाकडचा ताठ, चमकदार भागच घ्या. बहुतेक गावठी पिसं १० किंवा १२ नंबरलाच बसतात. १४ आणि १६ साठी फ्लायकरताच पैदास केलेल्या कोंबड्यांचं लांब पीस विकत घ्यावं लागतं. महाग असतं, पण एका पिसात एकाहून जास्त फ्लाय होतात.

अंगाचं डबिंग, म्हणजे धाग्यावर पिळून गुंडाळायचे केस, कमीत कमी. केस धाग्यावर नीट पिळले गेले नाहीत की हात जास्त भरतो आणि अंग फुगतं. चिमटीभर मेण लावा आणि डबिंग अर्धं करा. शेवटची गाठ मारताना हॅकलचे तंतू मागे वर धरा, नाहीतर ते धाग्याखाली अडकतात. गळाच्या डोळ्यात चिकट द्रव गेला असेल तर तो ओला असतानाच सुईने साफ करा.

चिकटवण्याचं सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच पकडतं. पावसाळ्यात ते क्षणात धरतं आणि आजूबाजूच्या तंतूंवर पांढुरका थर सोडतं. थेंब सुईच्या टोकावर घ्या, नळीतून थेट नको. नेलपॉलिशसारखं वार्निश याच हवेत धुरकट होतं आणि उशिरा वाळतं, ते कोरड्या दिवसासाठी ठेवा. गळ खाऱ्या हवेत गंजतात, म्हणून डबी घट्ट झाकणाची आणि आत सिलिका जेलची पुडी हवी. पिसं आणल्याबरोबर पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर थंड पिसांवर दव धरतं.

तयार फ्लाय पातेल्यातल्या पाण्यावर हातभर उंचीवरून टाकून बघा. दहापैकी दोन-तीनदा कुशीवर पडली तर पोस्ट छाटून बघा, तरी नाही सुधारली तर ती उकलून गळ परत वापरा. हाताला खोबरेल असेल तर आधी धुवा, तेलाने तंतू एकमेकांना चिकटतात.

तरंगवण्यासाठीचं जेल आपल्याकडच्या उकाड्यात पाण्यासारखं पातळ होतं आणि हिमाचलच्या पहाटे घट्ट बसतं. इथल्या सवयीने तिथे डबी दाबलीत तर गोळा येतो आणि हॅकल चिकटून जातं. डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा, मोहरीएवढं जेल बोटांवर चोळून वितळू द्या आणि मगच अंगाला व तंतूंना लावा.