कॉलेजात दूरशिक्षण केंद्र चालवताय? या चुका टाळा

गोव्यातल्या कॉलेजांत दूरशिक्षणाची चर्चा बहुधा प्रवेशापासून सुरू होते: फी किती, जाहिरात कधी, किती अर्ज येतील. खरी कसोटी मात्र दोन-तीन महिन्यांनी लागते. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा पहिला स्वाध्याय लिहायला बसतो, अडतो, आणि विचारायला कोणी सापडत नाही. गळती तिथून लागते. विद्यार्थी समोर नसणार हे धरून आखणी केलेली नसते, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

परवानगी गृहीत धरू नका

संलग्न कॉलेजला स्वतःच्या नावावर दूरस्थ पदवी देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची. कॉलेज त्याचं अभ्यासकेंद्र होऊ शकतं, पण फ्रँचायझी म्हणून नाही. राज्य विद्यापीठाचं दूरशिक्षण त्याच्या राज्यापुरतं असतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं म्हणून पेडणे-डिचोलीकडच्या मुलांना जवळचं वाटतं, तरी गोव्यातल्या कॉलेजला त्याचं केंद्र काढता येणार नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, केंद्रीय विद्यापीठ आहे, त्याला ही अडचण नाही.

आपल्याकडे हॉटेल मॅनेजमेंटची विचारणा हमखास होते. तो विषय दूरस्थ पद्धतीने शिकवायला मनाई आहे. अभियांत्रिकी, नर्सिंग, कायदा हेही त्याच यादीत. मान्यता अभ्यासक्रमागणिक मिळते, सरसकट नाही. म्हणून जाहिरात छापण्याआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (‘डेब’) संकेतस्थळावर त्या सत्राची यादी उघडून पाहा. विद्यार्थ्याचा डेब आयडी, म्हणजे या विभागाचा ओळख क्रमांकही, प्रवेशाआधीच काढून घ्या.

तासाचं रेकॉर्डिंग म्हणजे पाठ नव्हे

वर्गातलं पन्नास मिनिटांचं व्याख्यान कॅमेऱ्यात घेतलं आणि लिंक पाठवली, की अभ्याससाहित्य झालं असं समजलं जातं. सांगे-सत्तरीतल्या काही वाड्यांवर रेंज मिळवायला आजही टेकडी चढावी लागते. तिथे ही लिंक कोणी उघडत नाही. जिथे उघडते तिथेही पहिली पाच मिनिटं हजेरीत आणि फळा पुसण्यात गेलेली असतात.

पाठ आठ-दहा मिनिटांचे करा, एका पाठात एकच मुद्दा ठेवा, आणि सोबत ऑडिओ द्या. ३२ केबीपीएस या हलक्या दर्जावर दहा मिनिटांचा आवाज जेमतेम अडीच एमबीचा होतो. तो बसथांब्यावर उतरवून घेता येतो आणि बसमध्ये ऐकता येतो. उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिष्टावो’ उपक्रमात गोव्यातल्या प्राध्यापकांनीच तयार केलेले पाठ आहेत. आपल्या अभ्यासक्रमाशी जुळतील तेवढे त्यातून घ्या, सगळं नव्याने चित्रित करण्यात वर्ष घालवू नका.

नोट्सचं तेच. वहीची पानं मोबाइलने टिपून केलेली पीडीएफ जड असते आणि छोट्या पडद्यावर वाचता येत नाही. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल फोनवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, आणि पाठवण्याआधी एखाद्या साध्या फोनवर स्वतः उघडून पाहा.

नुसते गुण देऊन स्वाध्याय परत करू नका

ही चूक मला सगळ्यांत मोठी वाटते. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के वजन असतं. त्यामुळे स्वाध्याय ही गुणांची औपचारिकता, असं दोन्हीकडून धरलं जातं. पण घरी बसून शिकणाऱ्याला शिक्षकाचा आवाज ऐकू येतो तो स्वाध्यायाच्या समासातच. तिथे नुसतं ‘१४/२०’ आणि चार बरोबरच्या खुणा असतील तर तो काय शिकणार? ‘व्याख्या बरोबर आहे, पण उदाहरण मागणीचं दिलंय, प्रश्न पुरवठ्याचा होता, घटक तीन पुन्हा वाचा’ एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात. वही परत कधी मिळणार ती तारीखही आधी सांगा. परीक्षेनंतर मिळालेल्या शेऱ्याचा त्याला काही उपयोग नाही.

स्वाध्याय येणंच बंद झालं असेल तर ‘मुलं आळशी’ म्हणून मोकळे होऊ नका. फोन करा. पुस्तकं पोहोचली का? पाळी बदलली का? प्रश्न कळला का? मराठी शाळेत शिकून आलेल्या मुलाला विषय येत असतो, पण इंग्रजी प्रश्नातला एखादा शब्द अडवतो. तो मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगितला की गाडी पुढे जाते. व्हॉट्सअ‍ॅप गटावर ही शंका तो विचारत नाही, सगळ्यांसमोर संकोच वाटतो. आणि विचारलीच तर सुप्रभातच्या ढिगाऱ्यात ती बुडते. म्हणून संध्याकाळी ठरलेल्या वेळेत फोन घेणारा एक माणूस नेमा. हे काम नियमित तासिका सांभाळून ‘जमेल तसं’ करा असं प्राध्यापकांना सांगू नका. त्याचे तास आणि मानधन आधी ठरवा.

वेळापत्रक कॉलेजच्या सोयीचं नको

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे चार श्रेयांकांचा विषय १२० तासांचा. असे पाच विषय नोकरी सांभाळून एका सत्रात घेतले तर आठवड्याला पंचवीसेक तास लागतात. प्रवेशाच्या टेबलावरच हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

संपर्क सत्रं रविवारी सकाळी नऊला लावली की काणकोण-वाळपईकडची मुलं दुसऱ्याच खेपेला येईनाशी होतात; रविवारी बसफेऱ्या कमी. सत्र अकराला सुरू करा, परतीची बस बघून संपवा. चवथीच्या आठवड्यात काही ठेवू नका. हॉटेलात काम करणाऱ्यांचा ऑक्टोबरपासून सीझन लागतो, त्यामुळे पावसाळ्यातच जास्तीत जास्त सत्रं आटपा. इग्नूची सत्रांत परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये येते, आणि डिसेंबरात किनाऱ्यावर रजा मिळणं कठीण. तारखा जाहीर होताच विद्यार्थ्याला कॉलेजच्या शिक्क्याचं छापील पत्र द्या. ते दाखवून त्याला मॅनेजरकडे रजा मागता येते.