प्लास्टर घातलंय? मग या चुका टाळा

मोडलेल्या हाडाची टोकं जागेवर धरून ठेवणं, एवढंच प्लास्टरचं काम. सूज उतरवणं, कातडी जपणं आणि मोकळे सांधे हलते ठेवणं हे घरी करायचं असतं, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

सगळ्यांत महागात पडते ती पहिल्या दोन-तीन दिवसांतली चूक: ‘हाड मोडलंय, दुखणारच’ म्हणत वाढती कळ सोसत बसणं. हाड बसवून प्लास्टर घातलं की दुखणं हळूहळू उतरायला हवं. सूज 48 ते 72 तास वाढू शकते, प्लास्टर मात्र तसूभरही सैल होत नाही. आतला दाब फार वाढला की स्नायूंना रक्त पोचत नाही आणि साधारण 6 तासांत ते कायमचे निकामी होऊ लागतात. खूण अशी: गोळी घेऊनही कळ चढतच जाते, आणि दुसऱ्या कोणी बोटं हलकेच ताणली तरी जीव कळवळतो. मुंग्या, बधिरपणा, बोटं थंड किंवा निळसर पडणं हेही त्यातच आलं. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. ती बराच उशिरापर्यंत लागत राहते. मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. तिथे प्लास्टर आणि आतला कापूस थेट कातडीपर्यंत चिरून दाब मोकळा करतात. तोवर हात किंवा पाय हृदयाच्या पातळीवरच ठेवा. जास्त उंच केला तर उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो.

एरवी मात्र उंच ठेवणं हाच सुजेवरचा खरा उपाय. खुर्चीत बसून पाय स्टुलावर टाकला म्हणजे तो उंच ठेवला असं होत नाही. आडवं व्हा आणि पाय उशांवर असा ठेवा, की टाच छातीच्या वर येईल. हाताच्या झोळीत मनगट कोपरापेक्षा खाली लोंबत असेल तर बोटं टम्म फुगणारच. झोळी आखूड करा. अंगठी आणि बांगड्या सूज चढण्याआधीच काढायच्या. जागेपणी दर तासाला दहा वेळा बोटांची पूर्ण मूठ करून उघडा. मनगट मोडलं म्हणून खांदाही अंगाशी धरून ठेवणारे पुष्कळ. मनगट बरं होतं, खांदा आखडलेला राहतो.

खाजेसाठी आत पट्टी किंवा विणायची सुई घालू नका. कापसाची घडी सरकते, ओरखडा पडतो आणि बंद जागेत जखम चिघळते. ड्रायरची थंड हवा सोडा, किंवा बाहेरून टकटक करा. एकाच जागी जळजळ, दुर्गंध किंवा ओला डाग दिसला तर दाखवून या. जळजळ आपोआप थांबली तरी जा, कारण दाबाखालची कातडी बधिर झालेली असू शकते.

पांढरं प्लास्टर हाताला कडक लागलं तरी पूर्ण सुकायला 2 ते 3 दिवस लागतात. तोवर ते कडक कडेवर टेकवलं तर खड्डा पडतो आणि आतून बोचतो. फायबरचं अर्ध्या-एक तासात घट्ट होतं. ते पाण्याने विरघळत नाही खरं, पण आतला कापूस भिजतोच.

दुखत नाही म्हणून आठवड्याने सांगितलेला एक्स-रे टाळू नका. सूज ओसरली की तेच प्लास्टर ढिलं पडतं आणि हाड सरकू शकतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ते पुन्हा बसवणं सोपं असतं; पुढे हाड वाकडंच जुळू लागतं.

मोठ्यांचं मनगट साधारण 6 आठवड्यांत जुळतं, नडगीला 3-4 महिने किंवा अधिक लागतात. धूम्रपानाने ही मुदत लांबते. पायाला प्लास्टर असताना पोटरी नव्याने दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तातडीने दाखवा.

प्लास्टर काढल्यावर हात बारीक आणि कातडी खवल्यांची दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आखडलेला सांधा, विशेषतः कोपर, जोर लावून चोळू किंवा ओढू नका; अशाने स्नायूत हाड तयार होऊ शकतं आणि कोपर आणखी अडकतो. कोमट पाण्यात बुडवून स्वतःच्या ताकदीने, दिवसातून चार-पाच वेळा, सोसेल तेवढाच हलवा.