जुना लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नाही?

लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला घेतलं, पेन ड्राइव्ह लावला आणि काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकत बसली, तर लगेच लॅपटॉप भंगारात काढू नका. बहुतेकदा दोष पेन ड्राइव्ह बनवण्यात असतो. २०१०च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनं बायोस (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) असतं, त्याची नवी आवृत्ती म्हणजे यूईएफआय नसतं. रुफस या पेन ड्राइव्ह बनवायच्या प्रोग्राममध्ये पार्टिशन स्कीम (ड्राइव्हची मांडणी) ‘जीपीटी’ राहिली असेल, तर अशा मशीनला त्या पेन ड्राइव्हवरून बूट होता, म्हणजे सुरू होता येत नाही. ‘एमबीआर’ निवडून पुन्हा बनवा. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, आधी त्यातले फोटो काढून घ्या!

मेनू दिसतो पण पुढे पडदा काळाच राहतो? मग ग्राफिक्सवर संशय घ्या. मेनूत पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘क्वायट स्प्लॅश’नंतर इंग्रजीत ‘नोमोडसेट’ (nomodeset) टाइप करा आणि एफ१० दाबा. जुन्या बायोसवर ‘ई’ चालला नाही, तर ‘टॅब’ दाबा, दिसणाऱ्या ओळीत तेच टाइप करा आणि एंटर दाबा. माझ्याकडच्या जुन्या लॅपटॉपचं काम एवढ्यावरच झालं.

आणि दर वेळी तारीख मागे जात असेल, बूट ऑर्डरही (आधी कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं तो क्रम) विसरली जात असेल, तर बहुधा आतला, या सेटिंग लक्षात ठेवणारा बटण सेल संपलाय. तो आधी बदला.