ट्रॉलीचे गेम खेळताय? मग या चुका टाळा

ब्रेक फेल झालेली ट्रॉली, म्हणजे ट्राम, सुसाट येतेय. तिच्या रुळावर पाच जण, दुसऱ्या रुळावर एक, खटका ओढून ती वळवायची की नाही? असले गेम नेटवर ढीगभर आहेत आणि बहुतेक जण धडाधड क्लिक करून, हसून, टॅब बंद करतात.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकच प्रसंग खेळून थांबणं. तत्त्वज्ञ फिलिपा फुटने 1967 मध्ये हा प्रसंग मांडला तेव्हा ट्रामच्या ड्रायव्हरच्या जोडीला एका न्यायाधीशाचा प्रसंगही दिला होता. जमाव खवळलाय, पाच जण ओलीस आहेत, एका निर्दोष माणसाला फाशी दिली की ते सुटतील. गणित तेच, एकाच्या बदल्यात पाच, तरी ट्राम वळवायला आपण पटकन हो म्हणतो आणि फाशीला नाही, असं का? खरी मजा या "का" मध्ये आहे. म्हणून कुठलाही गेम घ्या, दोन प्रसंग जोडीने खेळा आणि मधे नक्की काय बदललं ते एका ओळीत लिहा.

दुसरी चूक, पळवाट. "मी ब्रेक मारेन", "ओरडून सांगेन". अरे बाबा, ब्रेक फेल आहे हे आधीच ठरलंय ना! पण एक शंका मात्र रास्त आहे. पाच जणांना वाचवायला पुलावरून जाड्या माणसाला ट्रॉलीपुढे ढकलायचं, त्याच्या अंगाने ती थांबेल, तो तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसनचा प्रसंग घ्या, तिथे आपण नाही म्हणतो ते कदाचित ट्रॉली खरंच थांबेल यावर विश्वास नसतो म्हणून. मग अट पक्की करा, शंभर टक्के थांबणार, आणि परत उत्तर द्या. अजून नाहीच? आता ढकलू नका, लांबून बटण दाबून त्याच्या पायाखालची फळी उघडा. इथे उत्तर बदललं तर तुम्हाला अडवत होता तो हाताचा स्पर्श, तत्त्व वगैरे नाही.

"72 टक्के लोक तुमच्याशी सहमत" असं काही स्क्रीनवर आलं की लोक खूश होतात, ते तर सोडूनच द्या. सेल्फ ड्रायव्हिंग, म्हणजे आपोआप चालणाऱ्या, गाडीने अपघातात कोणाला वाचवायचं हे विचारणाऱ्या एमआयटीच्या मॉरल मशीन या ऑनलाइन गेममध्ये जगभरातून जवळपास 4 कोटी निर्णय जमा झाले, 2018 मध्ये निकाल छापून आला, त्यात म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना वाचवण्याकडे स्पष्ट कल होता. आणि त्याआधी 2017 मध्येच जर्मनीच्या एथिक्स कमिशनने सेल्फ ड्रायव्हिंग गाड्यांसाठी नियम सुचवले होते की अपघात टळणारच नसेल तर वय किंवा लिंग बघून माणसं निवडायची नाहीत. आकडा फक्त लोक काय निवडतात ते सांगतो, बरोबर काय ते नाही.

गेम म्हणाला "तुमची उत्तरं विसंगत आहेत" तर लगेच उत्तर बदलू नका, आधी त्यांचा प्रश्न तपासा, कधीकधी दोन प्रसंग सारखे आहेत हे त्यांनीच गृहीत धरलेलं असतं.

आणि उत्तर फारच सहज आलं तर प्रश्न उलटा करा. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकचं 1974 चं सुखाचं काल्पनिक मशीन आहे ना, आत गेलं की हवे ते अनुभव, बहुतेक जण म्हणतात नको बुवा, खरं आयुष्यच बरं. बरं, आता समजा तुम्ही आधीपासूनच आत आहात, घर, मित्र, नोकरी सगळं मशीनचंच. बाहेर यायचंय?