प्रतिसरकारच्या आठवणींची कॅसेट संगणकावर घेताना

सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत प्रतिसरकारातल्या (ब्रिटिशांविरुद्धच्या भूमिगत समांतर सरकारातल्या) कार्यकर्त्यांच्या मुलाखतींच्या कॅसेट असतील, तर सापडली की लगेच वाजवून बघायचा मोह आवरा. आधी उजेडात धरून फितीची कड बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर डेकमधून (कॅसेट वाजवायच्या यंत्रातून) बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाकीच्यांच्या वरच्या कडेच्या दोन्ही खुंट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. फितीमागचा स्पंजचा छोटा तुकडा गळून पडलेला असेल, तर आवाज येतो-जातो. फीत चांगल्या स्क्रूच्या कवचात बदलून घ्या.

कॅसेटमधून थेट यूएसबी देणारी स्वस्त खेळणी नकोत, त्यांचा वेग डुलतो. जुना पण धडधाकट डेक आणि बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज संगणकाला डिजिटल करून देणारी पेटी) घ्या. हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, दर चार-पाच कॅसेटनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फीत ओढणाऱ्या रबरी चाकाला ते फार लावू नका, रबर कडक होतं.

आता खरी मेख. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्यावर हेडचा कल ठरतो. मुलाखत ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली, त्याचा कल तुमच्या डेकशी जुळेलच असं नाही. कॅसेट चालू ठेवून दोन्ही चॅनेल एकत्र ऐका आणि स्क्रू अगदी केसभर फिरवत 'स', 'श', 'च' कडे कान द्या. सगळं घोंगडीआडून बोलल्यासारखं वाटत असताना एका जागी 'सातारा'तला 'सा' लख्ख सुटतो. तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला, कधीकधी प्रत्येक बाजूला करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण इथे हुकलेलं नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही.

रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या. ९० मिनिटांच्या कॅसेटला स्टिरिओत सुमारे ३.१ जीबी लागतात, आणि वेळ ९० मिनिटंच, त्यात पळवाट नाही. मूळ फाइलवर खरखर काढायचा प्रयोग करू नका, तो ऐकायच्या एमपीथ्री प्रतीवर करा. फाइलच्या नावात दाखल क्रमांक, बाजू आणि साल एवढंच. बोलणाऱ्याचं नाव, गाव, मुलाखतकार आणि कव्हरवरचा मजकूर नोंदीत जसाच्या तसा उतरवा, चुकांसकट.

प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. प्रती तीन हव्यात: दोन वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी गावाबाहेर. सांगलीकरांनी ती कोल्हापुरात ठेवू नये. २०१९ ला कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी फुगल्या होत्या. त्यापेक्षा पुणं बरं.

लोकांना ऐकवायचं असेल तर डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरमध्ये एमपीथ्री चढवा, मूळ वेव्ह आतच ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत करू देतं. ती इंटरनेटवर टाकायची परवानगी त्यात येत नाही. त्यासाठी बोलणाऱ्याची किंवा वारसांची, आणि मुलाखतकाराचीही, लेखी संमती घ्या. मुलाखतीत कुणाच्या फितुरीचं नाव आलं असेल, तर तेवढा भाग ग्रंथालयातच ऐकवा. त्या घरातली माणसं अजून त्याच गावात राहतात.