नवापर्यंत सरळ, दहाव्याला उडी : क्रमांकाच्या यादीतल्या या चुका टाळा

दारव्ह्यात माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. ग्रामसभेचे ठराव, प्रश्नपत्रिका, बचत गटाच्या याद्या, सगळं येतं. कोणी पेनड्राईव्हवर वर्डची फाईल आणली की मी आधी कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबतो. लपलेल्या खुणा दिसायला लागतात. टॅब (मजकूर एकदम ठरलेल्या थांब्यावर नेणारं बटण) असेल तिथे बाण, स्पेस असेल तिथे ठिपका. बहुतेक फायलींत हरभरा सांडल्यासारखे ठिपकेच ठिपके असतात.

स्पेसबारनं रांग जुळवायची ही खोड टायपिंगच्या क्लासातली. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळायची, म्हणून स्पेस मोजून भागायचं. आताच्या फॉन्टमध्ये 'र' बारका आणि 'क्ष' रुंद. त्यात मजकूर जस्टिफाय केला, म्हणजे दोन्ही कडांना सरळ बसवला की प्रत्येक ओळीतली स्पेस वेगवेगळी ताणली जाते. गंमत म्हणजे टॅबचं बटणसुद्धा टाइपरायटरवरूनच आलंय. ते सोडून आम्ही स्पेसबार तेवढा उचलला.

मीही त्यातलाच होतो. एका बचत गटाची थकबाकीची यादी केली होती : क्रमांक, नाव, रक्कम. स्पेस मारमारून रकमा एका रांगेत आणल्या. स्क्रीनवर झकास दिसत होतं. प्रिंट दुसरीकडे निघाली. त्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता, त्यानं दुसराच घेतला. लांब नावांच्या रकमा घसरून खालच्या ओळीत गेल्या, नेमक्या पुढच्या बाईच्या नावाच्या डोक्यावर. यादी फलकावर लागली आणि दुसऱ्या दिवशी एक काकू दुकानात हजर. "काऊन रे भाऊ, म्या तं सारे पैसे भरले, मंग माह्या नावावर सहा हजार कायचे?" चहा पाजला, माफी मागितली, यादी फुकट करून दिली.

तेव्हापासून रकमेला उजवा टॅब, म्हणजे आकडे उजव्या कडेनं एकाखाली एक बसतात. पैसेही असतील तर दशांश टॅब. पानाच्या वरच्या मोजपट्टीच्या (रुलरच्या) डाव्या टोकाच्या चौकोनावर क्लिक करत राहिलं की टॅबचे प्रकार बदलतात. हवा तो आला की पट्टीवर टिचकी मारायची. पण त्याआधी पूर्ण यादी सिलेक्ट करा. एकाच ओळीला टॅब लावून "होत नाही सर" म्हणणारी पोरं आठवड्याला दोन तरी येतात.

दुसरं दुखणं दहाव्या क्रमांकाचं. नवापर्यंत रांग सरळ आणि १० आला की मजकूर उजवीकडे उडी मारतो. घाईची पोरं तिथे स्पेस खोडून, मजकूर ओढून बघतात, आणि मग ११ बिघडतो. कारण साधं आहे. दोन आकडे आणि कंस मिळून ठेवलेल्या जागेत मावत नाहीत, म्हणून टॅब पुढच्या थांब्यावर जातो. वर्डमध्ये हे आपोआपचे थांबे अर्ध्या-अर्ध्या इंचावर असतात. माझी सवय अशी की यादीतला सगळ्यात मोठा क्रमांक आधी टाइप करून त्याची रुंदी बघायची. मग क्रमांकावर राइट क्लिक, 'ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स', आणि 'टेक्स्ट इंडेंट' त्याहून थोडा जास्त. खाली 'ॲड टॅब स्टॉप' वर खूण असेल तर तिथेही तोच आकडा. हे दोन वेगळे ठेवले की पहिली ओळ एकीकडे आणि दुसरी भलतीकडे सुरू होते. क्रमांक उजव्या कडेला जुळवायचे असतील तर 'नंबर पोझिशन' शून्य ठेवू नका, आकडे समासात घुसतात.

क्रमांक हातानं टाकू नका. चौथा ठराव रद्द झाला की पुढचे सगळे बदलत बसाल.

एकाच मुद्द्यात नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट-एंटर. नुसत्या एंटरनं नवा क्रमांक येतो, मग तो खोडायला बॅकस्पेस, मग ओळ समासाला चिकटते, मग पुन्हा स्पेसबार.

पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये टॅबची पट्टी कंट्रोल-शिफ्ट-टी नं उघडते, जुन्या पेजमेकरमध्ये कंट्रोल-आय नं.

आणि कृतिदेव हा जुना देवनागरी फॉन्ट वापरणाऱ्यांनो, आपोआप क्रमांकाच्या पुढे 'ण्' किंवा 'द्ध' दिसला तर व्हायरस आला म्हणून फोन करू नका. त्या फॉन्टमध्ये टिंबाच्या जागी 'ण्' आणि कंसाच्या जागी 'द्ध' आहे. ओळीच्या शेवटची परिच्छेदाची खूण तेवढी सिलेक्ट करून तिला साधा फॉन्ट द्या. क्रमांक आपला फॉन्ट तिथूनच घेतो.