चिंचोक्यापासून बोनसाय: मुळांपासून ट्रेपर्यंत

‘बोनसायचं बी’ अशी वेगळी जात नसते. ऑनलाइन त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटात साध्याच झाडांचं बी असतं. त्यातही जपानी मेपल असेल तर ते बी थंडाव्यात काही आठवडे ओलसर ठेवल्याशिवाय रुजत नाही, आणि रुजलेलं रोप आपल्या एप्रिल-मेमध्ये करपतं. महाराष्ट्रात बियांपासून सुरुवात करायची तर चिंच घ्यावी. तिची पानं मुळातच बारीक असतात, साल लवकर खडबडीत होते आणि छाटणी ती चांगली सोसते.

बघण्याजोगं झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. तेवढा धीर नसेल तर नर्सरीतून अंगठ्याएवढ्या खोडाचं रोप आणावं, त्यात कमीपणा काही नाही. बियांचा खरा फायदा एकच: मुळं आणि बुंध्याचं पहिलं वळण सुरुवातीपासून आपल्या हातात राहतं. म्हणून पहिल्या वर्षी सगळं लक्ष तिथेच द्यावं.

रुजवण

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नवी चिंच फोडली जाते, तेव्हाचे ताजे चिंचोके निवडा. मीठ लावून साठवलेल्या चिंचेतले नकोत. कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरायला वेळ लागतो. त्यामुळे चिंचोक्याची एक कड पॉलिश पेपरवर आतला पांढरट गर जेमतेम दिसेपर्यंत घासा आणि कोमट पाण्यात २४ तास भिजत घाला. फुगलेले लगेच पेरा, न फुगलेले पुन्हा घासा. निम्मी जाड वाळू आणि निम्मं चाळलेलं कंपोस्ट भरून १.५ सेंमी खोल पेरावेत. एक-दोन आठवड्यांत जाड बीजदलं वर येतात. वीसेक तरी पेरा, कारण पुढे निवड करायची आहे. माती सतत चिकचिकीत राहिली तर कोवळं रोप मातीलगत कुजून आडवं पडतं. त्यावर इलाज नाही. पाणी कमी आणि हवा मोकळी, एवढीच खबरदारी.

सोटमूळ

रोप १०-१२ सेंमी झालं की पावसाच्या पहिल्या सरींनंतर ते काढून मुळं पाण्यात धुवा. चिंचेचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं. ते ३-४ सेंमी ठेवून धारदार सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापा, बाजूची तंतुमुळं मात्र जपा. कुंडीत थोडी माती घालून तिच्यावर फरशीचा तळहाताएवढा सपाट तुकडा ठेवा, त्यावर मुळं चहूबाजूंनी पसरा आणि वरून माती भरा. खाली वाट नसल्याने मुळं आडवी वाढतात आणि पुढे बुंध्याशी मुळांचा पसरट घेर दिसतो. जपानी भाषेत त्याला नेबारी म्हणतात. हे काम टाळलं तर सोटमूळ कुंडीच्या तळाशी गोल फिरत राहतं, आणि चार वर्षांनी उथळ ट्रेत बसवताना झाडाच्या जिवावर बेततं.

यानंतर पंधरा दिवस सावली द्या. संध्याकाळी पानं मिटलेली पाहून घाबरून पाणी ओतू नका, चिंचेची पानं रात्री मिटतातच. रोप खरंच कोमेजलंय का ते सकाळी उन्हं वर आल्यावर पाहा.

वळण आणि जाडी

खोड ३-४ मिमीचं आणि लवचिक असतानाच १.५ मिमीची ॲल्युमिनियमची तार ४५ अंशांत गुंडाळा. पहिलं वळण मातीपासून ३-४ सेंमीच्या आत हवं. पुढे खोड टणक होतं, मग तिथे वळण देता येत नाही. पावसाळ्यात वाढ जोरात असते, तेव्हा तार दर आठवड्याला तपासा. ती सालीत रुतू लागली तर उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा.

आता सगळ्यांत जास्त फसतं ते इथे. पेन्सिलएवढं रोप उथळ ट्रेत लावलं की वर्षानुवर्षं ते पेन्सिलएवढंच राहतं. खोड भरतं ते पानांनी तयार केलेल्या अन्नावर, आणि छोट्या ट्रेत तेवढी पानं वाढतच नाहीत. रोप ३०-३५ सेंमीच्या कुंडीत किंवा फरशी खाली घालून जमिनीत लावा आणि चार-पाच फूट बिनधास्त वाढू द्या. बुंधा ३ सेंमीचा झाला की १०-१२ सेंमी उंचीवर डोळ्याच्या (जिथून फूट येते त्या जागेच्या) वर तिरकं कापा आणि कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा. फुटव्यांपैकी एकाला तारेने उभं करून नवा शेंडा करा. तो बुंध्याच्या निम्म्या जाडीचा झाला की पुन्हा कापा. खोड वर निमुळतं होतं ते अशा लागोपाठच्या कापांमुळेच.

ट्रे

ट्रेची खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी असावी. मिश्रणाला ३-५ मिमीचे विटांचे तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग, जुनं शेणखत एक भाग. सगळं चाळून बारीक पूड फेकून द्या. तीच तळाशी बसते, निचरा अडवते आणि पावसाळ्यात मुळं कुजवते. मुळं एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. झाड भोकांतून काढलेल्या तारेने बांधा, हललं की नवी मुळं तुटतात. महिनाभर खत नको. त्यानंतर १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड लिटरभर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, दहापट पाणी घालून पंधरवड्याने द्या.

रोज पाच-सहा तास ऊन हवंच. दिवाणखान्यात ठेवलेली चिंच पानं गाळते. मेमध्ये दोन वेळा पाणी लागतं. कोकणातल्या झडीत ट्रेच्या एका बाजूखाली वीट सरकवून तो तिरका करा, पाणी लवकर उतरतं. फांदीला पाच-सहा पानं आली की दोनवर खुडा. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दिसला तर लिटरला ५ मिली कडुनिंब तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारा. पानांवर भुरी (पांढरी पिठासारखी बुरशी) आली तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम.

बियांपासूनच्या झाडाला बहर यायला बरीच वर्षं जातात, कुंडीत तर आणखी उशीर होतो. ट्रेत चिंचा लगडलेल्या हव्या असतील तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या वाणाचं कलम घ्यावं. छाटणीने पानं लहान होतात, चिंचा होत नाहीत, तेव्हा झाड जरा मोठंच ठेवावं.